हातभर रुंदीचा रस्ता

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. दुसऱ्यानं सांगितली की तिखटमीठ त्याच्या हातात जातं. आमचा अझहर ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यात मी रडतोसुद्धा. मी रडलो नव्हतो. डोळ्यांत चुना गेला होता.

तर मी मूळचा नायगावचा. पोटापाण्यासाठी लातुरात एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि रविवारी डोंगरात जाऊन माउंटन बाईकवाल्यांचे फोटो काढतो. आता या नावाचाच मला आधी वैताग. बाईक म्हटलं की आमच्याकडं लोक मोटारसायकल समजतात. सासरे अजून विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" अहो, ती सायकल असते. जाड टायरची, शॉकअपवाली, आणि वर बसलेला माणूस असा की ज्याला धड रस्ता आवडत नाही. दगड, ओघळ, बांध दिसला की हे लोक खूश. ते उडी मारतात, मी खाली गवतात पालथा पडून फोटो काढतो.

बायको म्हणते, "पडायचंच आहे तर घरी पडा, गादी तरी आहे." पण कधीमधी कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतं, तेव्हा कॅमेऱ्याची बॅग तीच भरून देते.

असंच एक काम शिवलिंगअप्पांनी दिलं. अप्पांचं लातुरात सायकलचं दुकान. दुकानावर मोठा बोर्ड लावायचा होता.

"सर, सायकल हवेत पायजे," अप्पा म्हणाले. "आन आपल्याच इकडचा माळ पायजे. लोकाला कळलं पायजे की हे इथं बी होतंय."

जागा अझहरनं शोधली. अझहर आठवडाभर मोबाईलच्या टॉवरवर चढायचं काम करतो आणि रविवारी उंचावरून खाली यायला सायकल वापरतो. लातूरजवळच्या मुरुडच्या पलीकडं, गावापासून जरा आत, एक खडकाळ माळ होता. उताराच्या शेवटी कमरेएवढा दगडी बांध. बांधावरून सायकल उडाली की मागं नुसतं आभाळ.

माळ कुणाचा, हे मी विचारलं का? नाही. वाळलेलं गवत, उघडे दगड, मला वाटलं कुणाचाच नसेल. मराठवाड्यात जन्म काढलेल्या माणसाला एखादी जमीन कुणाचीच नाही असं वाटावं, म्हणजे माझी हुशारी बघा.

ठरलं असं की अझहर आणि त्याचे सोबती सायकली घेऊन माथ्यावर थांबतील. मी खाली त्यांचा मार्ग आखेन आणि तयार झालो की फोन करेन. मार्ग दिसावा म्हणून मी फक्की नेली होती, मैदानावर मारतात तो चुना, आणि काठीला बांधलेल्या लाल झेंड्या. सकाळी सकाळी तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर कॅमेरा चढवला, एक डोळा मिटून बघितलं, पुढं जाऊन झेंडी रोवली, चुना ओढला. परत येऊन पुन्हा डोळा मिटला. लांबून बघणाऱ्याला हे काय दिसत असेल, याचा विचार मी केला नाही.

थोड्या वेळानं पांढरं धोतर, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेले एक काका आले. हात जोडून म्हणाले, "रामराम साहेब. मी दिगंबर. ह्यो माळ आमचाच हाय."

मी दचकलो. म्हटलं, आता शिव्या बसणार.

तर काका म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आमची काय बी हरकत न्हाई. इथूनच जाणार का?"

"हो, इथूनच जाणार," मी म्हणालो.

"पक्कं?"

"एकदम पक्कं. यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही."

काकांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. इतकी वर्षं मी लोकांना हा खेळ समजावून थकलो होतो, आणि इथं मुरुडच्या माळावर न सांगता रसिक भेटला होता.

"लई गाड्या जातेत का मग?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला थोड्या. पण एकदा नाव झालं की पुण्याकडून, हैदराबादकडून पण येतील."

"हाव, तसंच असतंय," काका म्हणाले आणि मला चहाला घेऊन गेले.

शेतातच त्यांचं घर. कौसाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बाजेवर चादर अंथरली, चहा दिला, वर गरम भजी दिली. दोघं मला साहेब म्हणत होते. क्लासात पोरं मला धड सरसुद्धा म्हणत नाहीत. मी कॅमेऱ्याची बॅग खांबाला अडकवली आणि पाय वर घेऊन बसलो.

चहा पिऊन परत आलो तर झेंड्या हलल्या होत्या. मी रोवल्या होत्या डाव्या अंगाला, आता दिसत होत्या उजव्या अंगाला. तिथं एक दुसरे गृहस्थ उभे होते. दिगंबरकाकांचे धाकटे भाऊ, व्यंकटकाका. उडीचा तो बांध दोघांच्या वाटणीच्या मधला, आणि त्या बांधापायी दोघांचं बोलणं बंद.

"साहेब, वळण माझ्या अंगाला घ्या की," व्यंकटकाका म्हणाले. "माझ्याकडं निस्ता खडक हाय. काम मजबूत होतंय."

"खडक चांगलाच," मी म्हणालो. "खडकावर मजा येते."

"साहेब, त्याला सांगा," दिगंबरकाका माझ्याकडं बघत म्हणाले, "आधी आमच्याकडं ठरलंय."

"साहेब, त्यास्नी सांगा," व्यंकटकाका पण माझ्याकडंच बघत म्हणाले, "ठरवायचं साहेबाच्या हातात असतंय."

आणि मी काय करावं? मला वाटलं, दोन सायकलप्रेमी भावांचं भांडण आपल्या कलेमुळं मिटतंय. मी हसून म्हणालो, "भांडू नका. दोघांच्याही बाजूनं नेऊ. बांध ओलांडूनच तर जायचंय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मागोमाग आलेल्या कौसाकाकूंनी माहेरी फोन लावला. व्यंकटकाकांनी कुणाकुणाला लावले. बघता बघता माळावर जत्रेसारखी माणसं जमली आणि मी त्यांना झेंड्या दाखवत हिंडायला लागलो. एकानं माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी धरू दिली.

मग दिगंबरकाकांनी साधा प्रश्न विचारला. "साहेब, रुंदी किती धरलीया?"

"हातभर पुरे."

"हातभर?"

"फार तर दोन हात. जास्त रुंद केला की त्यात गंमत राहत नाही."

छत्री जरा बाजूला झाली.

"मग गाड्या कशा जातेत?" व्यंकटकाकांनी विचारलं.

"एकामागून एक," मी म्हणालो. "उड्या मारत."

दिगंबरकाकांनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही हायवेच्या सर्वेचे साहेब न्हाईत?"

तुम्हाला सांगतो, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. सायकल, अप्पांचं दुकान, बोर्ड. जितकं सांगत गेलो तितके चेहरे उतरत गेले. छत्रीवाला छत्री मिटून निघून गेला.

दिगंबरकाका ओरडले असते तर परवडलं असतं. ते म्हणाले, "आमी सोयऱ्याला मोबदल्याचे पेढे सांगायलोत, आन तुमी सायकलच्या उड्या मारायलाव. दुसऱ्याच्या रानात शिरताना विचारायची पद्धत न्हाई का तुमच्यात?"

"चुकलं काका," मी म्हणालो. खरंच चुकलं होतं.

"मग पुसा ते पांढरं. उरलेल्या गावाला दिसायला नको."

कौसाकाकूंनी घरातून झाडू आणून माझ्या हातात दिला. व्यंकटकाका झेंड्या उपटायला लागले, तेही खालून वर, सावकाश. मी बांधाच्या खाली उकिडवा बसून खडकावरचा चुना झाडत होतो. वारा समोरून. चुना सगळा माझ्या तोंडावर. खिशात फोन वाजत होता, पण डोळे उघडता येत नव्हते आणि हात पांढरे झालेले. वाजू दिला.

तिकडं माथ्यावर अझहरनं वरून बघितलं. सर बांधाखाली दबा धरून बसलेत, फोन उचलत नाहीत, म्हणजे कॅमेरा लावून तयार आहेत. त्यानं सायकल सोडली.

मला आधी ऐकू आली दगडांची खडखड, मग माणसांचा गलका, मग डोक्यावरून काहीतरी गेल्याचा वारा. डोळे चोळून बघितलं तर अझहर पलीकडं उतरला होता आणि ओरडून विचारत होता, "सर, घेतला का?"

हातात झाडू. कॅमेरा तिकडं स्टँडवर, तोंड दुसरीकडं.

आणि गाव? सगळे टाळ्या वाजवत होते. दिगंबरकाका पुढं होऊन म्हणाले, "आरं, हे चांगलं हाय की. परत एक बार मारा." पण उतरताना अझहरचं पुढचं चाक पार वाकलं होतं, आणि ते बघून वरच्या सोबत्यांनी सायकली हातात धरून चालत उतरायचं ठरवलं. ते चालत आले. त्यांचे फोटो मी काढले. चालत्या सायकलींचे.

लातूरला येऊन मी अप्पांना सांगितलं की फोटो नाही. अप्पा म्हणाले, "हाय की." त्यांनी मोबाईल पुढं केला. कौसाकाकूंनी सोयऱ्यांना दाखवायला, की हाच तो खोटा साहेब, माझा झाडताना फोटो काढला होता. नेमका तेव्हाच अझहर माझ्या डोक्यावर आला होता. सोयऱ्यांनी पुढं पाठवला, त्यांनी आणखी पुढं, फिरत फिरत तो अप्पांपर्यंत पोचला होता. मागं मोकळं आभाळ, सायकल हवेत, उजेड असा की मला आयुष्यात साधला नाही.

"खालचा माणूस कापून टाका अप्पा," मी म्हणालो.

"जमत न्हाई," अप्पा म्हणाले. "तो हाय म्हनून तर उंची कळतीय."

आता तो बोर्ड दुकानावर आहे, रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा. गिऱ्हाईक बोट दाखवून विचारतं, हे खाली झाडू घेऊन पांढरंफटक कोण बसलंय? आणि अप्पा, माझ्यादेखत, अगदी मनापासून सांगतात, "ते आमचे फोटोग्राफर."