साडूपेक्षा रुंद हँडल

मी फटफटीचं हँडल बदललं आणि तारा जुन्याच राहू दिल्या. हँडल वीतभर मोठं, तारा होत्या तेवढ्याच. चूक एवढीच. ती करायला मला एक अख्खा शुक्रवार लागला आणि तिच्यामागं दोन वर्षांचं जळणं होतं.

जळणं साडूवरचं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो निजाम सरकारच्या तामिरात खात्यात, रस्ते आणि पूल बांधण्यावर देखरेख करायचा. मी औरंगाबादच्या तहसील कचेरीत कारकून. त्याच्या हाताखाली पन्नास माणसं, माझ्या हाताखाली एक दौत. आमची सासरवाडी एकच, पिशोरची, त्यामुळं हा फरक दर सणाला पंगतीत शेजारी शेजारी बसायचा. सासूबाई तूप वाढताना त्याच्या पानावर धार जरा जास्त रेंगाळते, असं मला वाटायचं.

"आहो, धार काय मोजता?" बायको एकदा कानाशी येऊन म्हणाली.

मोजत नव्हतो असं मी म्हणालो. मोजत होतो.

लढाई संपली आणि छावणीत लष्कराच्या जुन्या फटफट्या विकायला निघाल्या. साडूनं एक घेतली. त्याला कामावर फिरायला लागायची. माझं घर औरंगपुऱ्यात, कचेरी पायी दहा मिनिटांवर. मला फटफटी कशाला? पण पुढच्याच महिन्यात माझ्याही दारात एक उभी राहिली. दोन्ही गाड्यांचा रंग तोच शेवाळी, आवाजही तोच. फरक होता फक्त हँडलाचा. त्याचं रुंद आणि मागं वळलेलं, बैलाच्या शिंगांसारखं. तो ताठ बसायचा, हात आरामखुर्चीवर टेकल्यासारखे. माझं हँडल आखूड आणि सरळ. मला पोटात कळ आल्यासारखं पुढं वाकून बसावं लागे.

सासरे जमीनजुमला राखून असलेले, तोंडाचे रोखठोक. ओसरीवरून आम्हाला येताना बघत आणि म्हणत, "थोरले जावई आले की जहागीरदार आल्यावानी वाटतंय." मग माझ्याकडं वळून, "तुमचं काही पडलं का हो वाटंत? लई खाली बघत येताव."

हे वर्षभर ऐकून घेतलं. त्यात मेव्हण्याचं, म्हणजे सासऱ्यांच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न ठरलं. मुलगी पिशोरातलीच. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, तो परण्या आमच्याकडं घोड्यावरून निघतो. सासऱ्यांनी घोडा नाकारला.

"घोडं तर समद्यांच्याच पोरांना असतंय. माझं पोरगं फटफटीवर जाईल. घरात दोन दोन जावई, दोन दोन फटफट्या."

"कोणाच्या गाडीवर?" मी विचारलं.

"ज्याच्या गाडीवर शोभून दिसंल त्याच्या."

कोणाच्या, ते सांगायची गरज नव्हती. सगळ्या गावादेखत नवरदेव साडूच्या मागं बसून जाणार आणि मी त्या मिरवणुकीत अक्षता खिशात घेऊन पायी चालणार. ते चित्र डोळ्यांपुढून हटेना. जेवताना दिसे, कचेरीत अर्जावर शेरा लिहिताना दिसे.

छावणीत एक म्हातारे मिस्त्री होते. मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या पडवीत टांगलेले असत. अडचण अशी, की साडूची गाडीही त्यांच्याकडंच दुरुस्त व्हायची. माझा बेत त्याला आधी कळायला नको होता. पडवीत मला एक हँडल दिसलं, साडूच्यापेक्षाही चार बोटं रुंद. मी ते उतरवून मागितलं.

"किसकी गाडी कू होना, मियाँ?"

"गाडी कू नै. आँगन में कपडे सुखाने कू," मी म्हणालो.

मिस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "इत्ते कपडे? घर में पलटन उतरी है क्या?"

मी हसलो आणि हँडल पोत्यात गुंडाळून घेऊन आलो. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथं लांब तारा काढून हातात दिल्या असत्या. कपडे वाळत घालायला क्लच-ब्रेकच्या तारा कोण देणार?

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. सकाळीच गाडी अंगणात घेतली. बायको मागून गाडी धरून उभी राहिली, मी पाना घेऊन पुढं. जुनं हँडल काढायला दुपार झाली, कारण एक नट मी उलटा फिरवून तासभर घट्टच करत होतो. मग नवं बसवलं. डाव्या मुठीशी क्लचचा खटका, उजवीकडं ब्रेकचा, आणि वेग वाढवायची फिरती मूठही उजवीकडंच. तिघांच्या तारा ओढून ताणून जागेवर नेल्या. पोचल्या. जेमतेम, पण पोचल्या.

बायको शिवणकाम करायची. तिनं एका तारेवर बोट ठेवून बघितलं.

"ही अंगाबरोबर झाली हो. चोळी अशी शिवली की हात वर केला का काखेत फाटती. जरा हँडल वळवून बघा."

"हे लोखंडाचं काम आहे, चोळीचं नाय."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

हँडल बसलं, पण आता गाडी अंगणातून बाहेर निघेना. दार अरुंद, हँडल रुंद. पुन्हा पकड सैल केली, हँडल तिरकं केलं, गाडी गल्लीत काढली आणि अख्ख्या गल्लीसमोर तेच काम दुसऱ्यांदा केलं. लोक बघत होते, त्याचं मला वाईट वाटलं नाही. मी ताठ बसून दाखवलं.

बायको आठ दिवस आधीच माहेरी गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकटाच निघालो. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. घाटात एक गंमत घडली. डाव्या वळणावर मी मूठ हलवली नसताना गाडी आपोआप उसळून धावली. शहाण्या माणसाला शंका आली असती. मला वाटलं, हँडल बदलल्यानं गाडीत जोर आला. उजव्या वळणावर ती नुसती गुरगुरायची, पुढं सरकायची नाही. तेव्हा वाटलं, चढ आहे, दमली असंल.

पिशोरला पोचलो तेव्हा ओसरीवर सगळे होते. सासरे उठून पायऱ्या उतरले आणि त्यांनी हँडलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"लई मोठं हाय," ते म्हणाले.

मेव्हणा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि वडलांना म्हणाला, "दादा, मी धाकल्या दाजींच्याच गाडीवर बसतो. ह्यांची जास्त शोभती."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी आणखी चार हँडलं बदलली असती. मी साडूकडं बघितलं. तो खाली बसून माझ्या गाडीच्या तारा बघत होता.

"तारा ताणल्यात भाऊ," तो हळूच म्हणाला. "उद्या वळणं हायेत. मी सकाळी बदलून देऊ का? माझ्याजवळ लांब तारा हायेत."

जळतोय, मी मनात म्हणालो. दोन वर्षांनी एकदाचा जळला. आणि तोंडानं म्हणालो, "राहू द्या. ज्याची त्याला आपली गाडी कळते."

साडू हात झटकून उठला. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी परण्या निघाला. पुढं सनई-चौघडा, मागं मी, माझ्या मागं मुंडावळ्या बांधलेला मेव्हणा, त्याच्या मागं सारं गाव. साडू पायी चालत होता, खिशात अक्षता घेऊन. मी ताठ बसलो होतो. चावडीपर्यंत वाट सरळ, मुंगीच्या पावलानं चाललो. चावडीपाशी मारुतीकडं जायला डावीकडं वळायचं. मी वळवलं.

वेगाची तार ताणली आणि गाडी सनईत घुसली. वाजवणारी माणसं चांगली होती, वेळेवर उड्या मारून बाजूला झाली. मी घाबरून, वेगाची मूठ आवळूनच, उजवीकडं वळवलं. तशी क्लचची तार ताणली, इंजिन चाकापासून सुटलं आणि गाडी नुसती डरकाळ्या फोडत जागेवर थांबली. लोकांना वाटलं, नवरदेवाच्या मानाचा काही प्रकार आहे. चार जणांनी शिट्ट्याही मारल्या. मला वाटलं, सावरलं. मी हँडल सरळ केलं. सरळ केल्याबरोबर क्लचची तार सैल पडली, गाडीनं उडी घेतली आणि चावडीमागच्या कडब्याच्या गंजीत आम्ही दोघं कमरेपर्यंत शिरलो.

कोणाला लागलं नाही. मेव्हण्याच्या मुंडावळ्या तेवढ्या तुटल्या. सासरे धावत आले. "आधी पोराला काढा," ते ओरडले. "जावयाचं मागून बघू."

साडूनं मेव्हण्याला बाहेर ओढलं, त्याच्या अंगावरचा कडबा झटकला, कोणाला तरी पिटाळून स्वतःची गाडी आणवली आणि त्याला मागं बसवून मारुतीकडं निघाला. सनई पुन्हा सुरू झाली. सगळं गाव त्यांच्या मागं गेलं. मी गंजीपाशी राहिलो.

बायको तांब्यात पाणी घेऊन आली. माझ्या फेट्यातली कडब्याची पाती एकेक करून काढायला लागली. मला वाटलं, रडंल. तिनं कानामागचं आणखी एक पातं काढलं.

"मी चूक केली," मी म्हणालो.

"ते गावानं बघितलं," ती म्हणाली. "मला ताईचा कधी हेवा वाटला नव्हता हो. आज वाटला."