ब्रेकताईंचा डावा बास

मी गाडी शिकलो ब्रेकताईंकडे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बावीस वर्षं तो दाबून दाबून ताईंचा पाय इतका तयार झाला होता, की घरी बातम्या बघताना कुणी भलतंसलतं बोललं तरी तो फरशीवर आपटायचा. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार करणं कधीच सोडून दिलं होतं.

ताईंना संगीताचं वेड होतं, पण अर्ध्याच संगीताचं. दिवसभर सिग्नलला शेजारी गाड्या येऊन थांबायच्या. काचा बंद असायच्या, त्यामुळे आतलं गाणं बाहेर यायचं ते फक्त धुम्, धुम्, धुधुम्. बावीस वर्षं त्यांनी तेवढंच ऐकलं आणि तेवढंच त्यांना आवडलं. गाण्यात शब्द असतात, सूर असतात हे त्यांना ठाऊक होतं. "पण तो सगळा वरचा मेकअप आहे हो," त्या म्हणायच्या. "खरा चेहरा खालीच."

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. नुसता तो धुधुम् काढणारा, चार तारांचा इलेक्ट्रिक बास गिटार घ्यायचा. दुकानातले सगळे बास गळ्यात घालून झाले. ताई ठेंगण्या, हात आखूड. पट्टा कितीही आवळला तरी बास गुडघ्यावर लोंबायचा आणि हात काही त्याच्या लांब दांडीच्या, म्हणजे मानेच्या, टोकापर्यंत पुरायचा नाही. शेवटी दुकानदारच म्हणाला, "ताई, तुम्हाला मापाचाच करून घ्यावा लागेल," आणि त्याने पायवाल्या काकांचा पत्ता दिला.

काका तीस वर्षं एका इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये लाकडी पाय बनवत होते. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून हाताने बास घडवायला लागले. त्यांच्या लेखी दोन्ही कामं एकच. "लाकूड माणसाला बसलं पाहिजे," ते म्हणाले. "टोचता कामा नये. आणि एक सांगतो. तीस वर्षांत माझ्या हातून डाव्याच्या जागी उजवा गेला नाही. एकदाही नाही."

आता झालं होतं असं, की त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने घाबरून गाडीचं दार ताईंच्या उजव्या मनगटावर आपटलं होतं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. काकांना प्लास्टर दिसलं नाही असं नाही, पण त्यांची हयात इस्पितळात गेलेली. दुसऱ्याच्या अंगावरचं प्लास्टर त्यांना स्वेटरसारखं वाटायचं. त्यांनी ताईंची छाती मोजली, खांद्याचा उतार मोजला, पोट मोजलं, श्वास घेऊन आणि सोडून. मग वही काढून विचारलं, "कोणता हात चालतो?"

"सध्या डाव्यानेच करते सगळं," ताई म्हणाल्या आणि डाव्या हाताने चहाचा कप उचलला.

काकांनी लिहिलं: डावखुरी. त्यातला 'सध्या' कुठे गळला, देव जाणे.

आठ महिन्यांनी बास तयार झाला. तोवर प्लास्टर निघून हात बरा झाला होता आणि ताई आनंदाने न्यायला गेल्या. बास खरोखर देखणा होता. तांबूस लाकूड, पाठीला ताईंच्या पोटाच्या मापाची खोलगट जागा, कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्यात. काकांनी तो त्यांच्या गळ्यात घातला आणि जुन्या सवयीने म्हणाले, "चालून दाखवा."

ताई वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं, की बासची मान उजवीकडे आहे, म्हणजे बास डावखुऱ्याचा आहे.

"टोचतंय कुठे?" काकांनी विचारलं. मनात नुसते लाडू फुटत होते.

"नाही," ताई म्हणाल्या. "छान बसलाय."

घरी येऊन त्यांनी तो उलटा धरून पाहिला. जाड तार खाली गेली, आवाजाच्या कळा कोपराखाली आल्या, आणि वायरीची पिन थेट हनुवटीत घुसली. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. आयुष्यभर लोकांना 'हे बरं दिसतं की ते' विचारत आलेला माणूस. तो म्हणाला, "अगं, सरळ परत कर की. चूक त्यांची आहे."

"अहो, तीस वर्षांत एकदाही नाही म्हणाले ते. मी काय तोंडाने सांगू?"

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून ऐकत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. त्या म्हणाल्या, "मग तूच डावखुरी हो. लाकूड काही आता वळायचं नाही. तू अजून ओली आहेस."

आणि ताई खरोखरच कामाला लागल्या. दात डाव्या हाताने घासायचे, कुलूप डाव्या हाताने उघडायचं. चार महिने भाजीचे तुकडे वाटेल त्या आकाराचे झाले, पण घरात कुणी हूं की चूं केलं नाही. बासवर डाव्या हाताची बोटं तारा छेडायला शिकली, उजव्याची दाबायला. सहा महिन्यांनी त्यांच्या हातून पहिला सलग धुधुम् निघाला आणि कपाटातल्या काचेच्या बश्या एकमेकींशी बोलायला लागल्या.

पंचाईत झाली ती कामावर. डोक्यातल्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली. मला म्हणाल्या, "डावीकडे घ्या," आणि बोट उजवीकडे. मी बोटाचं ऐकलं आणि आम्ही दोघं, खिडक्या उघड्या असताना, गाड्या धुण्याच्या यंत्रात शिरलो. दोन्ही बाजूंनी ब्रश आले. ताईंचा पाय ब्रेकवर होता, पण ब्रशांना ब्रेक नव्हता. बाहेर पडल्यावर त्यांनी केसांतला फेस झटकला आणि शांतपणे म्हणाल्या, "आरसे बघायचे विसरलात तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डावं-उजवं हे शब्दच टाकून दिले. "माझ्याकडे वळा," नाहीतर "तुमच्याकडे वळा." आश्चर्य म्हणजे त्यानंतर त्यांचे विद्यार्थी पटापट पास व्हायला लागले. मालकाने ती पद्धत सगळ्या शिक्षकांना लावली.

इकडे पायवाले काका दर दुसऱ्या रविवारी 'फिटिंग बघायला' घरी येऊ लागले. लाकडी पाय वर्षभर तपासावा लागतो, तसाच बासही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर दुसऱ्या रविवारी घरात नाटक उभं राहायचं. ताई सही डाव्या हाताने करायच्या, कप डाव्या हाताने धरायच्या. इथवर ठीक होतं. पण सासूबाईंना एवढ्याशा कामात समाधान नव्हतं. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "आमच्या घरात सगळेच डावखुरे. मी, माझा मुलगा, ह्याचे वडीलसुद्धा." बिचाऱ्या नवऱ्याला तिथल्या तिथे डाव्या हाताने चहा ओतावा लागला. तो त्याने स्वतःच्या मांडीवर ओतला.

काका भारावून गेले. पुढच्या वेळी येताना त्यांनी घरातल्या तिघांसाठी डाव्या हाताच्या कात्र्या घडवून आणल्या.

असं सव्वा वर्ष चाललं. मग एका रविवारी काकांनी बासच्या मानेवरून हात फिरवत सहज कौतुक केलं, "तुमचा हात जन्मजात आहे हो, ताई. शिकवून येत नाही हे."

सासूबाईंना राहवलं नाही. घरातल्या गुणाचं श्रेय परस्पर जन्माला जातंय, हे त्यांच्या पचनी पडेना. "जन्मजात कसला!" त्या ठसक्यात म्हणाल्या. "लग्न होऊन आली तेव्हा चांगली उजवी होती. सगळं वळण मी लावलं."

ताईंचा पाय फरशीवर आपटला, पण उशीर झाला होता.

"उजवी होती?" काकांनी विचारलं.

"म्हणजे... तशी... लहानपणी," नवरा म्हणाला.

काकांनी खिशातून तीच वही काढली, पान शोधलं आणि चष्मा वर करून ताईंकडे बघितलं. "प्लास्टर कोणत्या हाताला होतं?"

"उजव्या," ताई म्हणाल्या. "काका, मला सांगायचं होतं. पण तुम्ही इतक्या प्रेमाने चालून दाखवा म्हणालात..."

काकांनी वही मिटली. मग उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. चपला त्यांनी उलटसुलट घातल्या होत्या, पण ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

आठवडाभर ताईंच्या जिवाला घोर. कामावर लक्ष नव्हतं, बासला हात लावला नव्हता. आठव्या दिवशी काका हजर. काखेत लांबलचक पुडकं. आत उजव्या हाताचा एक साधा, रात्रंदिवस बसून घाईने जोडलेला, रंगही न दिलेला बास.

"हा धरा," ते म्हणाले. "हा तुमचा. तो मी परत नेतो."

ताईंनी तो गळ्यात घातला, उजवा हात तारांवर ठेवला, आणि काहीच होईना. बोटं एकमेकांत अडकली. जे निघालं ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कुणी शेगडी ओढतंय का?"

"काका, मला हा येत नाही," ताई म्हणाल्या. "मला तोच येतो. तो मला बसलाय."

"बसलाय म्हणता?"

"आता कुठे टोचत नाही."

काकांनी जुना बास त्यांच्या गळ्यात घातला, पट्टा ओढून पाहिला, पाठीच्या खोलगट जागेत चार बोटं घालून पाहिली. ताईंनी वाजवलं. बश्या बोलल्या. काका मान हलवत खाली बसले आणि त्यांनी वहीत त्या पानाच्या तळाशी नोंद केली. ती मी पुढे स्वतः पाहिली आहे: "बास बरोबर. गिऱ्हाईक बदलून घेतलं."

आता ताई शनिवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर वाजवतात. तिथे म्हाताऱ्यांचा पाण्यातला व्यायाम असतो. कानांनी अधू झालेल्या लोकांना गाणी काही ऐकू येत नाहीत, पण स्पीकर काठाला टेकवला की धुधुम् पाण्यातून थेट बरगड्यांत जातो आणि वीस म्हातारे एकाच वेळी गुडघा वर उचलतात. बाकीचा वाद्यवृंद ठेवायचा का, असं तलावाच्या व्यवस्थापकाने विचारलं होतं. गरज नाही, म्हणाल्या ताई.

सासूबाईंनीही पाण्यात न उतरता काठावर खुर्ची टाकलीय. गेल्या आठवड्यात काका बाससाठी त्यांचंही माप घेऊन गेले. मला दोन्ही बाजूंनी वाजवता येईल असा करा, असं सासूबाईंनी बजावलंय. काका अजून विचार करताहेत.