पेंडीच्या गोदामातला क्लब

एका रविवारी सकाळी मी अंबाजोगाईहून पुण्याच्या बसमध्ये बसलो. त्या दुपारी क्लबमध्ये ड्रमवर कोणी बसलं नाही. पुढच्या रविवारीही बसलं नाही. त्यानंतर क्लब भरला नाही.

स्टँडवर तिघं आले होते. वडील शाळामास्तर, ते म्हणाले, "नोकरी लागली की वाजवणं आपोआप सुटतं." आईनं दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. तिसरे नागनाथआप्पा. त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझा खांदा दाबला. "जा बे. पर येताना तारा आण." बस हलली तरी ते दोन्ही हातांची सहा बोटं दाखवत होते. सहाच्या सहा, पूर्ण सेट.

आता पुण्यात एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये क्लबचं रियुनियन आहे. आप्पांचा फोटो छापलेले टी-शर्ट आहेत, स्मरणिका आहे. तिच्यासाठी मला दोन पानं लिहायला सांगितलंय. ग्रुपवर निरोप आला, "गोड आठवणी लिही. निगेटिव्ह नको."

गोड आठवणी आहेत. आप्पांचं सरकी पेंडीचं गोदाम होतं. रविवारी हमाल सुट्टीवर असत, तेव्हा तिथं आम्ही वाजवायचो. मेडिकलच्या होस्टेलवरच्या मुलांनी ब्लूज आणि रॉकच्या कॅसेट आणल्या. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पहिली कॅसेट ऐकून ते म्हणाले, "आरं, हे तर जात्यावरचं गाणं हाय. बाई एक ओळ दोनदा म्हणती, तवर तिला पुढची सुचती." मग ते स्वतःचीच गाणी रचू लागले. त्यांचं एक सगळ्यांना पाठ होतं:

पेंड माजी खाल्ली म्हशीनं,
पेंड माजी खाल्ली म्हशीनं,
दूध बे कुणाच्या दारी?

आम्ही हसायचो. ते म्हशीचं गाणं आहे असं आम्हाला वाटायचं.

कोणत्या दिवशी काय वाजवायचं, ते पोती ठरवायची. गोदाम छतापर्यंत भरलेलं असलं की आवाज पोत्यांत मुरून गोल यायचा. तेव्हा संथ गाणी. माल उठला की भिंती उघड्या पडायच्या, सगळं घुमायचं, तेव्हा रॉक. आप्पा दार उघडून एकदा टाळी वाजवायचे, ऐकायचे आणि सांगायचे, "आज दणका." पुण्यात मी साउंडप्रूफ स्टुडिओ पाहिले, पण टाळी वाजवून खोलीला विचारणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. माझा ड्रम म्हणजे लग्नाच्या बँडनं टाकून दिलेला ढोल आणि एक तडकलेली झांज. घरी मी पुस्तकातून मान वर काढत नसे. तिथं मात्र मला ऐकू यायचं की मी आहे.

तिकीट नव्हतं. नियम एकच होता. गिटारच्या तारा गावात मिळत नसत, म्हणून बाहेर गेलेल्यानं येताना एक सेट आणायचा. पातळ तार तुटली आणि सेट नसला, तर आप्पा स्कूटरच्या क्लच वायरचा एक पदर सोडवून लावत. तो बोटं कापायचा. ते बोटाला पेंड लावून पुन्हा वाजवत.

गोड आठवणी इथं संपल्या.

मेडिकलची मुलं डॉक्टर होऊन गेली. मी गेलो. आमच्यातल्या कुणीही तारा आणल्या नाहीत. माझ्या ऑफिसच्या वाटेवर वाद्यांचं दुकान होतं. सिग्नल लागला की काचेतली गिटार दिसायची, आणि मी मोबाइल बघायचो. सॉफ्टवेअरचं रिलीज, प्रमोशन, सोसायटीची मीटिंग, सगळ्यांना वेळ होता. दिवाळीला गावी गेलो की गोदामाची गल्ली टाळायचो. तारा आणल्या नाहीत म्हणून आप्पांना भेटलो नाही, आणि भेटायचं नव्हतं म्हणून तारा आणल्या नाहीत. पुणं काही अमेरिका नव्हे. एका बसचा रस्ता आहे.

आप्पा अंबाजोगाईजवळ घाटनांदूरला बहिणीकडे वारले, तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. "लेजंड," कुणी लिहिलं. "ते दिवस परत येणार नाहीत," दुसऱ्यानं. मीही हात जोडले, मीटिंग चालू असताना. दहाव्याला आमच्यातला एकही गेला नाही. आणि आता टी-शर्टचा साइज विचारताहेत. ज्याला जिवंतपणी सहा तारा दिल्या नाहीत, त्याला ट्रिब्यूट द्यायला निघालेत. "काळ बदलला, म्हणून क्लब बंद पडला," असं स्मरणिकेत छापलं जाणार आहे. काळानं काही केलेलं नाही. आपण उठून गेलो.

स्टेजवर ठेवायला आप्पांची गिटार हवी होती. मी तिकडचा, म्हणून आणायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या महिन्यात घाटनांदूरला गेलो. आप्पांची बहीण, अक्का, आता फार थकल्यात. त्यांनी खाटेखालून सरकीचं पोतं ओढलं, तोंड सोडलं. आत गिटार होती. तिला दोन तारा होत्या.

"तू तो ढोलवाला न्हवं?" अक्का म्हणाल्या. "आणल्यास का तारा?"

"न्हाई अक्का."

"मंग कावून आलास?"

मी टी-शर्टचं, हॉलचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्या दोनवरच वाजवायचा. मी म्हणायची, कान किटला रं, ठिव ते लाकूड. तर म्हणायचा, तारा येऊ दे, पोरं येतेत." मग त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "ने बाबा, न्यायची तर. तुमचंच हाय."

मी नेली नाही. ग्रुपवर लिहिलं की स्टेज रिकामं ठेवा. दोघांनी रडका चेहरा टाकला, एकानं भाड्याची गिटार सुचवली.

पुढच्या रविवारी तारा घेऊन घाटनांदूरला जाणार आहे, असं इथं लिहिणार होतो. पण हे वाक्य मी मनात फार वर्षं लिहीत आलोय. म्हणून आज जे आहे तेवढंच लिहितो. गोदामाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आई-वडील नाहीत. येताना काय आणलंस, असं मला विचारू शकणारं एकच माणूस तिकडे उरलं आहे. अक्कांच्या खाटेखाली गिटार आहे. गिटारला दोन तारा आहेत.