खोकल्याच्या औषधाचा वास

माझ्या बायकोचं नाक भलतंच तिखट आहे. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळतं. शेजारच्या विंगमध्ये कुणी बोंबील तळायला घेतले की आमच्या खिडक्या बंद होतात. हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी गाडीच्या बाबतीत मी त्या नाकाचं ऐकलं नाही, कारण मोटरसायकल हा माझा विषय.

विषय कसला डोंबलाचा! सत्तेचाळिसाव्या वर्षी हौस आली म्हणून घेतलेली गाडी. साधीसुधी नाही, रेडिएटरवाली. इंजिन तापू नये म्हणून तिच्यात हिरवं कूलंट खेळत असतं. मुलुंडहून दर रविवारी गोरेगावला सासूबाईंकडे जायचं तर बस आणि रिक्षा बदलून जीव जातो, हे कारण मी घरी दिलं. खरं कारण वेगळं होतं. घरात आम्ही बोलायचो ते गॅस संपला, पाणी गेलं, मुलीची परीक्षा कधी, एवढंच. गाडीवर मात्र ती माझ्या खांद्यावरून तासभर बोलायची, तिच्या ऑफिसातल्या सगळ्यांची बिनपाण्याने करायची. मला ते फार आवडायचं. बसताना तिने एकच अट घातली होती. एकदा जरी गाडी रस्त्यात बंद पडली, तर ती परत मागे बसणार नाही. आणि ती बोललेलं फिरवत नाही.

एका रविवारी पवईच्या सिग्नलला ती म्हणाली, खोकल्याच्या औषधासारखा गोड वास येतोय. मी म्हटलं, पुढच्या टेम्पोचा असेल. पुढच्या रविवारी टेम्पो नव्हता, म्हणून मी तलावाचं नाव घेतलं. पवईच्या तलावाला गोड वास येतो म्हणणारा मी जगातला पहिला माणूस असेन. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडल्यावर मी तिला हेल्मेट नीट घालायला सांगितलं.

त्यानंतर ती वासाबद्दल काही बोलली नाही. मी मनात म्हटलं, चला, पटलं एकदाचं.

पुढे पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवे थेंब दिसले तेव्हा हा शोध मी स्वतःच लावल्याच्या थाटात कामाला लागलो. खाली पुठ्ठा पसरला. पाइपांचे क्लॅम्प आवळले. सोसायटीतले दोन निवृत्त गृहस्थ येऊन सल्ले देऊन गेले. एक म्हणाला पेट्रोल, दुसरा म्हणाला कुत्र्याचं काम. शेवटी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो आणि चोर सापडला. पाण्याच्या पंपाच्या खाली एक बारीक भोक होतं, तिथून थेंब येत होता. कारखान्यात राहून गेलेलं भोक, दुसरं काय? इतकी महाग गाडी आणि हे असलं काम! बाथरूमचा नळ गळला की दोन कांड्या मळून मसाला लावतात, तो आणला, भोक गच्च बुजवलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. मी तो पुठ्ठा वर घरी नेऊन बायकोला दाखवला. तिने बघितला आणि म्हणाली, "छान."

त्याच्या पुढच्या रविवारी ती मागे गप्प बसून होती. ऑफिसातलंही काही नाही. मी गाडीच्या आवाजावर खूश होतो, तिचा आवाज नाही हे ध्यानातच आलं नाही. पवई ओलांडली आणि तापमानाचा लाल दिवा लागला. सीटखालून वाफ आली आणि गाडी भर रस्त्यात बंद. वाट लागली. ती उतरली, हेल्मेट काढलं आणि आरशाला अडकवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडी ढकलत साकीनाक्याच्या बाजूला एका गॅरेजपर्यंत नेली. मेस्त्री साठीचे, मालवणकडचे, चष्मा दोरीने बांधलेला. खाली वाकून त्यांनी माझा मसाला नखाने खरवडला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मीच. बायको प्लॅस्टिकच्या स्टुलावर चहा घेऊन बसली होती. मेस्त्रींनी चष्मा वर केला.

"अवो, ह्यां भोक गळूकच ठेवलेलां असतां. आतलां सील गेलां की हयसून पाणी येतां. तेचां काम सांगूचां. तुमी तेचां तोंडच बंद केलात."

मी बायकोकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, चहाचा घोट घेतल्याचा आवाज तेवढा आला. मग मेस्त्रींनी समजावलं: सील फुटकंच होतं, गाडी तापली की कूलंट मसाल्याच्या कडेने झिरपून इंजिनवरच जळायचं, म्हणून खाली थेंब नाही. वास मात्र येत असणार, कुणाला आला नाही का? बायकोने रिकामा कप खाली ठेवला. नशिबाने पाणी ऑइलमध्ये गेलं नव्हतं. नवं सील बसलं, नवं कूलंट भरलं, भोक मोकळं झालं.

मी गाडी चालू केली. रिक्षा समोरच उभ्या होत्या. अट तिला आठवत होती, मलाही. विचारायची हिंमत होईना, म्हणून उगाच आरसा पुसत बसलो. मनातून पार खचलो होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, आई जेवायची थांबली असेल, आणि मागे बसली.

मरोळ येईपर्यंत शांतता. मग खांद्याजवळ आवाज आला, "वास येतोय."

मी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली. स्वच्छ कपड्यांनिशी रस्त्यावर गुडघे टेकले, भोकाखाली बोट फिरवलं. कोरडं. पाइप चाचपले, तेही कोरडे. बोट वर करून तिला दाखवलं.

"माहितीये," ती म्हणाली. "थांबतोस का ते बघत होते."

मग गोरेगाव येईपर्यंत तिचं तोंड एकदाही बंद झालं नाही.