घरची भाषा : इंग्रजी

निघाले त्या दिवशी उमरग्याच्या हायवेवर हैदराबादच्या गाडीची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो. दादा म्हणजे माझे वडील, अव्वा म्हणजे आई, मी आणि माझा नवरा मंगेश. म्युनिकचा व्हिसा पर्समध्ये होता, डिग्रीचे कागद बॅगेत होते, आणि दादांनी सदऱ्याच्या खिशातून काय काढावं, तर मुरुमच्या प्राथमिक शाळेचा माझा दाखला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेला.

"असू दे जवळ. तिकडं कुणी इचारलं, कुठली, कुणाची, तर दाखवाया."

मी हसले. अव्वा तिच्या माहेरच्या कन्नडमध्ये "होगि बा" म्हणाली. जाऊन ये. तेवढ्यात गाडी आली.

त्या दाखल्याची एक गोष्ट आमच्याकडं पाहुणे आले की सांगितली जायची. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी मातृभाषा विचारली. अव्वा कर्नाटकातली, घरात ती आमच्याशी कन्नड बोलायची, दादा मराठी, आणि शेजारच्या खालाजानशी आम्ही दखनीत भांडायचो. दादा म्हणाले, "मराठी लिवा गुरुजी, पर कन्नड बी येती म्हणून कुठंतरी लिवा की." गुरुजी म्हणाले, रकाना एकच आहे. पोरीला येतंय ते लिहायला जागा नाही, याचं दादांना पुढं कित्येक वर्षं वाईट वाटत होतं.

आता माझं ऐका. म्हणजे तुमच्या लेकीनं, भाचीनं, मैत्रिणीनं तिकडं काय दिवे लावले ते.

आमची मुलगी सई पाच वर्षांची झाली आणि आम्ही शाळा बघायला लागलो. इकडं शाळा बघणं म्हणजे स्थळ बघणं. घराणं कसं, बाकीची मुलं कुणाची, पुढं जाऊन काय होणार, सगळी चौकशी. घरापासून चार मिनिटांवर सरकारी शाळा होती, चांगली, अंगणात मोठं अक्रोडाचं झाड असलेली. आमच्या मराठी ग्रुपमधली नेहा म्हणाली, "छे, तिथं सगळी बाहेरून आलेल्यांची पोरं असतात." नेहा लातूरची. बाहेरून आलेल्यांची म्हणे! आमच्या सगळ्यांच्या नाळा जणू म्युनिकच्या नदीकाठी पुरलेल्या. पण खरं सांगते, तेव्हा मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आज शिसारी येते.

मग इंटरनॅशनल शाळा ठरली. इंग्रजी आणि जर्मन, दोन्ही भाषांत शिकवणारी. दोन भाषांचं एवढं कौतुक त्या माहितीपत्रकात होतं की वाचताना मला अव्वाची आठवण यायला हवी होती. आली नाही. मी बसच्या वेळा बघत होते.

फॉर्ममध्ये एक ओळ होती : घरात बोलली जाणारी भाषा. नेहानं आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "मराठी लिहू नका. मुलाला इंग्रजी कच्चं समजतात, वेगळ्या वर्गात टाकतात. आमच्या वेळी आम्ही सरळ इंग्लिश लिहिलं." खरंखोटं कुणी शाळेला विचारलं नाही. आमच्याकडं पहिल्यापासून हेच. साहेबाला विचारायचं नाही, आधी ज्याचं काम झालं त्याला विचारायचं. मंगेशनं लिहिलं, इंग्लिश. मी सही केली.

लिहिलं की ते खरं करून दाखवणं आलं. प्रवेशाच्या मुलाखतीत सईच्या तोंडून मराठी निघायला नको म्हणून घरात मराठी बंद. तोवर सई माझ्यासारखीच बोलायची, "आई, लई भूक लागलीय" असं ठसक्यात. ती 'लई' म्हणाली की मी ऐकू न आल्यासारखं करायचे. इंग्रजीत मागितलं की वाटी भरायचे. कुत्र्याला शिकवतात तसं पोटच्या पोरीला शिकवलं मी. पहिले काही दिवस ती रडली, मग शिकली. मुलाखत झाली, प्रवेश मिळाला, आम्ही केक कापला. पण मराठी परत सुरू झाली नाही. इंग्रजीच सोपं पडायला लागलं होतं.

फोनवर दादा विचारायचे, "काय खाल्लं गं बाय?" ती माझ्याकडं बघायची. मी तिला इंग्रजीत सांगायचे, तिचं उत्तर दादांना मराठीत सांगायचे. आजा आणि नात, आणि मधे मी दुभाषी. दादा "व्हय, व्हय" म्हणायचे आणि फोन अव्वाकडं द्यायचे. हळूहळू ते फोनवर यायचेच बंद झाले. शेतात गेलेत, असं अव्वा सांगायची.

शाळा सुरू झाली, पालकांची सभा झाली. मुख्याध्यापिकाबाई कौतुकानं सांगत होत्या की मुलाची घरची भाषा टिकली पाहिजे, म्हणून ज्या भाषेची सहा मुलं असतील तिचा दर आठवड्याला एक तास शाळा घेते. पडद्यावर यादी आली. तुर्की, पोर्तुगीज, जपानी, तमिळ. मराठी नव्हतीच. हॉलमध्ये आमची सात घरं बसली होती आणि सातही घरं मराठीत कुजबुजत होती. नेहा माझ्या कानात म्हणाली, "बघ की, तमिळ लोकांनी कसं बरोबर लिहिलं."

बाईंनी विचारलं, एखादी भाषा राहून गेली का? तेव्हा फक्त हात वर करायचा होता. पण हात वर केला तर फॉर्मवर खोटं लिहिल्याचं कबूल करावं लागणार होतं. सातही घरं खाली मोबाईलमध्ये बघत राहिली. मीही. बाहेर येऊन आम्ही मराठीतच एकमेकांना दिवाळीच्या कार्यक्रमाचं विचारलं.

पुढच्या रविवारी दुपारी अव्वाचा फोन आला आणि पडद्यावर चक्क दादा. केस विंचरलेले. म्हणाले, "सईला बोलीव." सई आली. दादांनी घसा खाकरला.

"सई, व्हॉट यू ईट टुडे?"

सई उडालीच. "पास्ता, आजोबा!"

दादांनी बाजूला बघितलं. बाजूनं आवाज आला, "व्हेरी गुड म्हणा." तो आवाज मी ओळखला. गुरुजी. माझ्या दाखल्यावर एकच रकाना भरणारे गुरुजी, आता रिटायर, रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन सत्तरीतल्या दादांना इंग्रजी शिकवत होते. दादा ज्या शेतात गेलेले असायचे, ते शेत हे होतं.

सोमवारी मी शाळेच्या ऑफिसात गेले आणि फॉर्म बदलून मागितला. ऑफिसातल्या बाईंनी कोरा फॉर्म पुढं केला. वेगळ्या वर्गाचं मीच विचारलं. म्हणाल्या, तसा वर्ग आमच्याकडं नाहीच, कधी नव्हताही. घरची भाषा : मराठी, असं लिहिलं. रकान्याबाहेर, समासात, कन्नडही लिहिलं. मग ग्रुपवर टाकलं की मी बदललं, अजून पाच जणांनी बदललं तर तास सुरू होईल. नेहानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकीच्यांनी वाचलं. यादीत मराठीपुढं आजही एक हाच आकडा आहे.

घरी सईशी मराठी बोलायला लागले तर ती वैतागून म्हणाली, आता का?

तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. येते. पण घर मागं राहिलं असं म्हणायची आता मला लाज वाटते. ते मी बरोबर आणलं होतं, सईच्या तोंडात होतं, आणि मीच ते वाटी पुढं करून करून काढून घेतलं.

परवा मी दादांना म्हणाले, "दादा, इंग्रजीचं बंद करा तुम्ही. मी तिला मराठी शिकवतेय."

दादा म्हणाले, "शिकीव की. लई बेस. पर तिचं मराठी येईस्तवर म्या ऱ्हातो का न्हाय, कुणाला ठावं? तवर हे चालू दे."

मग सईला हाक मारायला सांगितलं. नवीन वाक्य पाठ झालं होतं.