मशीन लावलंय म्हणे

आमच्या मोशीत माणूस घोरतो म्हणजे तो सुखात आहे, असं समजतात. आमचे हे जेवून आडवे झाले की ओसरीवर बसलेल्या सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "कष्टाचं आंग हाय, घोरणारच!" यांची स्वतःची बस. पहाटे उठून पहिल्या शिफ्टची माणसं चाकणला कंपनीत सोडायची, घरी येऊन जेवून झोपायचं, मग सुटलेल्यांना परत आणायचं. घोरण्याची मला सवय होती. भीती वाटायची ती घोरणं थांबायचं तेव्हा. छाती हलायची, पण श्वास नाही. ओठ काळे पडायचे. मी हातातली भाजी टाकून उठणार, तेवढ्यात गुदमरल्यासारखा हिसका देऊन श्वास परत सुरू व्हायचा. आणि यांना त्यातलं काही ठाऊक नाही! उठल्यावर डोकं धरून बसायचे नि म्हणायचे, "झोपच न्हाई झाली."

एकदा बसमधला एक कामगार घरी आला. चहासुद्धा घेईना. म्हणाला, "वहिनी, भाऊ सिग्नलला झोपले. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, तरी पत्ता नाही. मी खांदा हलवला तेव्हा जागे झाले. बसभर माणसं असतात हो."

मग मी हट्टालाच पेटले. डॉक्टरांनी डोक्याला, छातीला वायरी आणि बोटाला चिमटा लावून झोपेची तपासणी केली. स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकून जागं करतो. असं पुन्हा पुन्हा. मागोमाग बीपी, हृदयावर ताण, लकवासुद्धा. वजन उतरवा, दारू बंद, कुशीवर झोपा. त्रास थोडा असेल तर जबडा पुढे धरणारी, तोंडात घालायची पट्टी चालते, कुणाकुणाचं ऑपरेशनही करतात. "पण तुमचं प्रमाण फार आहे, तुम्हाला मशीनच." नाकावर मास्क बांधायचा आणि मशीन हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणार. ऑक्सिजन नव्हे, खोलीतलीच साधी हवा.

पहिले काही दिवस नुसती कुरकुर. मग मात्र काय फरक पडला, काय सांगू! डोकेदुखी गेली. बस लावून हसत घरात यायला लागले. "अगं, लई वर्सांनी झोपलो बघ," म्हणाले, आणि मला रडूच आलं.

एका दुपारी आमच्या जाऊबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मशीन लावलंय म्हणे, ऑक्सिजनवर हाय. झालं! भावकी बघायला यायला लागली. शहाळी, बिस्किटांचे पुडे, उतरलेली तोंडं. धडधाकट माणूस समोर बसलाय आणि ही मंडळी सतरंजीवर बसून उसासे टाकतायत. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, "पोरीचं लगीन उरकून घ्या, म्हंजी डोळ्यांनी बघून व्हईल." मी ओरडून सांगत होते, अहो, साधी हवा आहे ती! ऐकतंय कोण? त्यात यांचे चुलतभाऊ म्हणाले, "भावा, तू आराम कर, बसचं मी बघतो की." ते यांना फारच झोंबलं.

त्याच दिवशी मशीन कपाटावर गेलं.

"लोकं मयतीला आल्यागत बघत्यात माझ्याकडं. उद्या बस गेली तर खायाचं काय? न्हाई लावणार."

"लोक घोड्यावरही बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. त्यांच्यापायी जीव देणार का?"

"लई बोलू नगंस."

सासूबाईंनीही लेकाचीच री ओढली. मी भांडले, रडले, अबोला धरला. दाराला आतून कडी घाला, पण लावा म्हटलं. माझ्या बोलण्याला भीक घालतील तर शपथ! घोरणं परत सुरू झालं आणि मधेच थांबणंही. ओसरीवर पुन्हा कौतुक.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी झोपून उठले. मी चहा पुढे केला, तर कप हातातून निसटला. तोंड वाकडं झालं होतं. काहीतरी सांगू बघत होते, शब्द फुटत नव्हता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, बीपी होतंच. पण मशीन का सोडलं? मी काय सांगणार, माणसं शहाळी घेऊन आली म्हणून?

बस आता ते चुलतभाऊच चालवतात. यांचा उजवा हात लुळा पडलाय, वाचा गेली आहे. मास्क मीच बांधते. सुरुवातीला डावा हात वर यायचा, मास्क बाजूला सारायला. मी तो धरून खाली ठेवायचे आणि पट्टे बसवायचे. हल्ली तोही येत नाही, डोळे तेवढे माझ्याकडे बघत राहतात. मला राग येतो, भावकीचा, सासूबाईंचा, यांचा तर सगळ्यात जास्त. उभ्या संसारात या माणसानं माझं एक ऐकलं नाही. आता सगळं ऐकतो. असला ऐकणारा नवरा मला नको होता हो.