तीस पौंड हवा

शाहूपुरीत परवा पंक्चरवाल्यानं माझ्या मोटारीच्या चाकाला नळी लावली आणि विचारलं, "पावणं, तीस सोडू का?" हवेची शिट्टी कानावर आली आणि मी चाकापासून दोन पावलं मागं सरलो.

तेव्हाही तीसच होती. शिरोलीच्या एका कारखान्यात आम्ही लोखंडी टाकी तपासत होतो. टाकी पाणी भरून तपासायची असते, पण त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून आम्ही हवा भरली. वरच्या तीन फुटी गोल झाकणाला सोळा बोल्ट होते, आवळले चारच. मी कुरकुरलो, तर आमचे जुने फिटर दिनूमामा म्हणाले, "मोटारीच्या चाकाएवढीच हवा हाय की. तिला काय भ्यायचं?"

मी झाकणावर वाकून कडेनं साबणाचं पाणी लावत होतो, हवा गळते का बघायला. पाणी संपलं म्हणून नळाकडं गेलो. मागं असा आवाज झाला की मला काही ऐकूच येईना. वळून बघतो तर झाकण जागेवर नव्हतं. छपराच्या पत्र्याला भगदाड पडलं होतं आणि ऊन थेट टाकीत उतरत होतं. दिनूमामा हवेच्या नळीचा कॉक धरून तसेच उभे होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी फरशीवर खडूनं गणित मांडलं. चौरस इंचाला तीस पौंड, आणि झाकण हजार चौरस इंचांचं. झाकणावरचा सगळा जोर तेरा टनांच्या वर.

"आपण हवाच मोजली रं," ते म्हणाले. "झाकण मोजलंच न्हाय."

तेरा टन म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली. ती चार बोल्टांनी अडवून धरली होती, आणि मी त्या झाकणावर तोंड नेऊन बुडबुडे शोधत होतो.